दापोलीला जाताय? आधी तिथी बघा

डिसेंबरात आई-बाबा आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दापोलीकडे तीन दिवस जायचंय, मुरूड, कर्दे की आंजर्ले, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्याहून या पट्ट्यात वीसेक वर्षं जातोय. किनारा कुठलाही निवडा, पण खोलीचे पैसे भरण्याआधी कालनिर्णय उघडून तिथी बघा. आपण पुणेकर शनिवार-रविवार बघून निघतो आणि समुद्र चालतो तिथीवर.

हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. तीच वेळ दिवसा आणि तीच रात्री, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून गावात पोचल्यावर कोळ्यांना किंवा घरमालकांना विचारून खात्री करा.

पाण्यात उतरायचं ते पाणी चढत असताना. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर सकाळी नऊ ते अकरा डुंबा. संध्याकाळी ओहोटी असते, तेव्हा फक्त चाला. अष्टमीच्या आसपास दुपारी तीन ते पाच बरं. शिवाय तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, उधाणासारखी ओढ नसते. लहान मूल बरोबर आहे, तर मी तुमच्या जागी अष्टमीच धरेन.

हे इतकं कळकळीने लिहितोय, कारण आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाजवळ माझा भाचा कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि ओहोटी लागलेली होती. लाटा अगदी लहान, वर काही दिसत नव्हतं. पायाखालची वाळू सरकली आणि तो खाडीच्या धारेला लागला. जाळं आवरत असलेल्या एका गावकऱ्याने त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. खाडीच्या मुखाशी आणि ओहोटीला पाण्यात जायचं नाही, मुलीला तर मुळीच न्यायचं नाही.

राहायला मुरूड घ्या. महर्षी कर्व्यांचं गाव, सुपारीच्या वाड्यांमधली अरुंद पाखाडी, म्हणजे पायवाट, आणि टोकाला सपाट वाळू. आई-बाबांना चालायला सोपं. कर्दे शेजारीच आहे, पण सुट्टीत तिथे गर्दी होते आणि लोक गाड्या वाळूत घालतात. ओली वाळू घट्ट दिसते, चाक मात्र आत बसतं आणि भरती काही थांबत नाही. गाडी बाहेरच ठेवा.

ओहोटीला मुलीला वाळूवर उकिडवं बसवा. बारीक छिद्रांभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल. हलायचं नाही, बोलायचं नाही. दोन मिनिटांत खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेली गोळी मागे टाकतो. भाची तासभर जागची उठली नव्हती.

एक संध्याकाळ हर्णैला द्या. होड्या आल्या की वाळूवरच माशांची बोली लागते. समोर सुवर्णदुर्ग, तिथे होडीतून बहुधा पाण्यातच उतरावं लागतं, त्यामुळे आई-बाबांना नेऊ नका. त्यांना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या, गाडी वरपर्यंत जाते. उजव्या सोंडेची मूर्ती आहे आणि वरून समुद्र दिसतो. कासवांची पिल्लं मात्र डिसेंबरात मिळायची नाहीत, त्यासाठी मार्चमध्ये आंजर्ले किंवा वेळास.

रस्ता ताम्हिणी, माणगाव, लोणेरे, आंबेत, मंडणगड. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी याआधी बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. परतताना जेवण लवकर उरका आणि बाराच्या आत निघा, म्हणजे ताम्हिणी उजेडी पार होईल.