अमेरिकेत आयोवातल्या मॅडिसन काउंटीचे छपराचे पूल खरंच बघण्यासारखे आहेत का? एका दिवसात होतात का?

आयोवाची राजधानी डी मॉइन, तिथून विंटरसेट हे या काउंटीचं मुख्य गाव पस्तीसेक मैल. सकाळी निघालात तर सहाही पूल एका दिवसात होतात, फक्त खडीच्या रस्त्यांमुळे गाडी धुळीने माखेल. पण तुम्ही प्रश्नाखाली जे जोडलंय ना, "त्यातला एक तर नकली आहे म्हणे", त्यावर मला बोलायचंय.

हेच वाक्य माझ्या दादाने सीडर पुलावर उभं राहून ऐकवलं होतं. हा पूल मूळचा 1883 चा. 2002 मध्ये कुणीतरी पेटवून दिला. जुन्या बांधणीबरहुकूम 2004 मध्ये पुन्हा उभा केला. 2017 मध्ये पुन्हा जाळला, 2019 मध्ये पुन्हा बांधला. दादाने फळीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "हे लाकूड माझ्या चपलांपेक्षा नवं आहे. हे दाखवायला आणलंस होय?"

मुळात या पुलांना छप्पर का, ते आधी समजून घ्या. ती शोभा नव्हे. ज्यावरून गाड्या जायच्या त्या खालच्या जाड तुळया महाग, छपराच्या आणि बाजूच्या फळ्या त्यामानाने स्वस्त. पावसाबर्फात कुजायचं ते स्वस्त लाकूड कुजू दे, ते बदलता येतं, असा काउंटीचा रोकडा हिशेब. म्हणजे यातलं लाकूड बदलणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच होतं.

आमच्या गुहागरच्या घराचं तरी वेगळं काय होतं? दर मे महिन्यात कौलं चाळायची, वाळवी लागलेल्या रिपा काढायच्या, एखादा वासा बोटाने दाबला की भुसा पडायचा, तो बदलायचा. माझ्या डोळ्यांदेखत निम्मं छप्पर नवं झालं, तरी घर पणजोबांचंच. ते दादाने पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. "दरवर्षी कोण चाळत बसणार?" मला फोन आला तो आढं खाली उतरवल्यावर.

तर असा तो माणूस मला त्या पुलावर असली-नकली शिकवत होता. आवाज चढले. वहिनी मुकाट्याने गाडीत जाऊन बसली. पुढे रोझमन पुलावर मात्र स्वारी खूश. 1883 चा, आत भिंतींवर लोकांनी कोरलेली नावं, "हा बघ खरा!" तोही 1992 मध्ये दुरुस्त केलेला आहे, हे मी तिथे बोलले नाही. आता बोलते. आणि जागेचं म्हणाल तर 1871 चा कटलर-डोनाहो पूल 1970 मध्ये उचलून विंटरसेटच्या बागेत आणून ठेवलाय, आइम्स पुलानेही जागा बदलली आहे. मग ते पण नकली का?

हां, एक मान्य करते. पूर्वी असे 19 पूल होते, उरले सहा, त्यामुळे जुन्याची हळहळ वाटणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. तुम्हाला जुनाच आणि जागचाच हवा असेल तर हॉलिवेल पुलावर जा. 1880 चा, 122 फूट, सहांत सगळ्यात लांब. बाजूच्या तिरक्या फळ्यांची जाळी आत शिरून बघा, बाहेरून फोटो काढून परत फिरू नका. विंटरसेटचं चुनखडीच्या दगडाचं कोर्टही बघा. हॉलिवूडचा नट जॉन वेन, त्याचं जन्मघर मला काही विशेष वाटलं नाही, पण सिनेमाची आवड असेल तर जा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पुलांचा उत्सव असतो, गर्दी नको असेल तर तो टाळा. आणि पाऊस पडून गेला असेल तर एक-दोन दिवस थांबा.

सीडर मात्र चुकवू नका.

ता.क. दादाचा स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला. आता त्यावर पत्र्याचं छप्पर घातलंय.