झाड नेमकं कुठे वाढतं?

खोडावर चार फुटांवर खिळा ठोकला. झाड दुप्पट उंच झालं, तर खिळा किती फुटांवर असेल?

चार फुटांवरच. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. तिथल्या प्ररोह विभाजी ऊतीत, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींच्या समूहात, नव्या पेशी तयार होतात आणि जरा खाली येऊन लांबतात. एकदा लाकूड झालेला भाग पुन्हा लांबत नाही. जाड मात्र होतो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियमचा पातळ थर असतो, ती पार्श्व विभाजी ऊती. ती आतल्या बाजूला जलवाहिन्या आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करते. त्यामुळे खिळा वर जात नाही, वर्षागणिक खोडात गडप होतो. ताड-माडांना असं कँबियमच नसतं.

मग शेंडा छाटूनही गवत कसं वाढतं?

कारण आपण छाटतो ते पात्याचं टोक, म्हणजे त्याचा सर्वांत जुना भाग. नव्या पेशी बनतात बुडाशी, आंतरीय विभाजी ऊतीत. फुलोरा येईपर्यंत खरा शेंडाही जमिनीलगतच असतो, त्यामुळे तो कात्रीतून वाचतो.

कांद्याच्या मुळाची स्लाइड तीनदा केली, एकही विभाजन दिसलं नाही. काय चुकतंय?

बहुधा तुकडा चुकीचा घेतला जातोय. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, विटांसारख्या पेशी दिसत असतील, तर तुम्ही टोकापासून फार वर कापलंय. हवा तो शेवटचा दोनेक मिलिमीटरचा भाग. अगदी टोकाला मूलटोपी असते आणि तिच्या लगेच मागे विभाजी ऊती. तिथल्या पेशी लहान, चौकोनी असतात आणि केंद्रकाने बराचसा भाग व्यापलेला असतो. अशा पेशी दिसल्या की तिथेच थांबून शोधा. तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करा, अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवा, कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा सरकला की सगळं विस्कटतं.

इतकं करूनही बहुतेक पेशी विभाजनाबाहेरच्या दिसतील. ते बरोबरच आहे. पूर्वावस्था, म्हणजे विभाजनाची पहिली पायरी, त्यातल्या त्यात सहज सापडते. पुस्तकातल्या चित्रासारखी नेटकी मध्यावस्था, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत आलेली पायरी, मिळाली तर नशीब! तिथे १६ गुणसूत्रं मोजता येतात का बघा.

याच मुळात अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं) दिसेल का?

नाही. इथे फक्त सूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या तेवढीच ठेवणारं. अर्धगुणसूत्रीसाठी कोवळ्या कळीतले परागकोश घ्या.

पेशीविभाजन म्हणजेच वाढ ना?

बरेच जण असंच लिहितात, पण ते अर्धंच खरं आहे. विभाजनाने पेशींची संख्या वाढते. मुळाची लांबी मुख्यतः वाढते ती त्या पेशी रिक्तिकेत (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत) पाणी भरून ताणल्या गेल्यामुळे. एकोणिसाव्या शतकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी मुळावर शाईने समान अंतरावर रेघा आखून पाहिल्या होत्या. टोकामागच्या काही मिलिमीटरमधल्या रेघा एकमेकींपासून दूर गेल्या, वरच्या जागच्या जागी राहिल्या. मोड आलेल्या घेवड्यावर हे तुम्हालाही करता येईल. रेघा बारीक काढा आणि मूळ ओलसर ठेवा.