इंटरनेटवरची आरोग्यविषयक माहिती शोधून वापरण्याची लोकांची क्षमता कशी मोजतात?

सर्वाधिक वापरली जाते ती ‘ई-हील्स’ ही ८ विधानांची प्रश्नावली, पण तिच्या जोडीला लोकांना प्रत्यक्ष माहिती शोधायला लावणं गरजेचं आहे. कॅनडातल्या नॉर्मन आणि स्किनर या संशोधकांनी ही प्रश्नावली २००६ मध्ये मांडली. ‘चांगली आणि निकृष्ट माहिती मी वेगळी ओळखू शकतो’ अशा प्रत्येक विधानाला सहमतीनुसार १ ते ५ गुण, एकूण ८ ते ४०. अडचण अशी की यातून माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं तेवढंच कळतं. नेदरलँड्समध्ये २०११ च्या अभ्यासात लोकांना खरोखर शोध घ्यायला लावलं, तेव्हा गुण आणि कामगिरी यांचा मेळ फारसा बसला नाही. तिथेच २०१७ मध्ये आलेल्या नव्या साधनात म्हणून २१ प्रश्नांसोबत ७ कृतीवर आधारित प्रश्नही आहेत. तुमचं सर्वेक्षण छोटं असलं तरी दोन-तीन कामं द्याच. उदाहरणार्थ, ताप आलेल्या बाळाला पॅरासिटामॉल किती द्यायचं ते शोधायला सांगा आणि उत्तर कुठून घेतलं तेही नोंदवा. आत्मविश्वासाने दिलेला चुकीचा डोस मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि नुसत्या प्रश्नावलीत तो धोका दिसतच नाही.