भिंतीतली नाणी आणि ट्रंकेतली नाणी

प्रश्न: (वाशिम जिल्ह्यातील एका गावातून) आमच्या जुन्या मातीच्या घराची आतली भिंत पाडताना गवंड्याच्या सब्बलीला तांब्याचा गडू लागला. त्यात चांदीचे 63 रुपये निघाले. सर्वांत जुना 1862 चा आणि सर्वांत अलीकडचा 1943 चा आहे. याशिवाय आजोबांनी एडनहून आणलेली, 1780 साल असलेली परदेशी नाणी घरच्या ट्रंकेत आहेत. किंमत कळावी म्हणून मोबाइलवरून फोटो टाकले, तर एकाने 9 लाख देतो म्हणून नोंदणीचे 2,150 रुपये आधी मागितले. गवंड्याला दोन नाणी देऊन विषय मिटवला आहे. आता काय करावे?

उत्तर: किंमत विचारण्याआधी मालकी ठरवावी लागेल, आणि आपल्याकडच्या दोन्ही साठ्यांचा कायदा वेगळा आहे.

ट्रंकेतली नाणी वारसाहक्काने आपल्या कुटुंबाची आहेत. गडूतल्या रुपयांचे तसे नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 नुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेली मौल्यवान चीज म्हणजे निधी, आणि घराची भिंतही त्यात येते. असा निधी दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर शोधणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा व तारीख लिहून शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते, आणि निधी जवळच्या शासकीय कोषागारात जमा करायचा किंवा तो हजर करण्याबद्दल तारण द्यायचे असते.

येथे शोधणारा आपण नसून गवंडी आहे, ही गोष्ट कृपया नीट ध्यानात घ्यावी. त्याने कळवले नाही तर त्याचा हिस्सा सरकारजमा होऊन एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याला गप्प राहण्यास मदत करणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून दोन नाणी देऊन मिटवलेला विषय मिटलेला नाही. त्याला विश्वासात घ्या, ती दोन नाणी परत गडूत ठेवा आणि 63 नाण्यांची यादी दोघांच्या सहीने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

निधी बेवारस ठरला, तर तीन चतुर्थांश गवंड्याला व एक चतुर्थांश आपल्याला मिळतो. मात्र ठरलेली रक्कम देऊन तो घेण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पण आपल्या गडूत 1943 चा रुपया आहे, म्हणजे गडू त्याआधी भिंतीत गेलेला असूच शकत नाही. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने तो ठेवला असे मानण्यास जिल्हाधिकाऱ्यांना कारण दिसले, तर ते आपल्याला दिवाणी दाव्यासाठी मुदत देतात, आणि दाव्यात हक्क सिद्ध झाला तर वाटणीचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी घराचा जुना नमुना आठ (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा उतारा), खरेदीखत किंवा वाटणीपत्र शोधून ठेवा. जाहीर सूचना निघाल्यावर सुनावणी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान असते, तेव्हा वेळ आहे.

आता किमतीबद्दल. 1862 च्या रुपयात 11.66 ग्रॅम वजनापैकी सुमारे 10.7 ग्रॅम चांदी असते, तर 1943 च्या रुपयात निम्मीच. बहुतेक नाण्यांची किंमत चांदीच्या आसपास राहते. 1939 चा रुपया मात्र दुर्मिळ आहे, पण त्याच्या नकलाही पुष्कळ निघतात. एडनचे नाणे बहुधा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचे असावे. त्यावर 1780 हे साल राणीच्या मृत्यूनंतरही तसेच छापत राहिले, त्यामुळे त्या सालावरून त्याचे वय ठरत नाही. त्यातले एखादे खरोखर शंभर वर्षांहून जुने निघाले, तर 1972 च्या पुरावस्तूंच्या कायद्यामुळे ते परदेशातील ग्राहकाला पाठवता येणार नाही.

फोनवरच्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आम्ही कोणाला नेमलेले नाही व शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2021 साली जाहीर केले आहे.

आपल्याच जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे 1939 साली सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यातून काही सातवाहन राजांची नावे प्रथमच समोर आली, कारण तो साठा अभ्यासकांच्या हाती लागला. म्हणून नाणी चिंचेने घासू नका, गडूपासून वेगळी करू नका, आणि अर्ज देताना त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.