फोन भरपूर, गिऱ्हाईक नाही : घोडीची जाहिरात कशी लिहावी

घोडी विकायला काढली, फोन भरपूर येतात पण गिऱ्हाईक मिळत नाही, असं तुम्ही विचारलंत. तुमची जाहिरात वाचली. "अस्सल मारवाडी घोडी विकणे आहे. एक नंबर जनावर. खऱ्या गिऱ्हाईकानेच फोन करावा. किंमत फोनवर." यावर फोन येणारच. फोन केल्याशिवाय कळावं असं यात आहेच काय? निम्मे जण नुसता भाव काढून ठेवतात आणि बाकीच्यांत दलाल बरेच. चांगल्या जाहिरातीनं फोन कमी व्हायला हवेत. ज्याच्या कामाची तुमची घोडी नाही, त्यानं वाचूनच पुढं जावं.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून गेलात की घोडी फटाक्याला आणि ताशाला बुजते, पण रानात नवशिक्या पोरालाही सांभाळून नेते. सगळ्यात मोलाची ओळ हीच, आणि नेमकी तीच जाहिरातीत नाही. वरातवाल्याला ही घोडी नकोच. त्याला डॉल्बीसमोर उभं राहणारं, पायावर नाचणारं जनावर लागतं. खेड-जुन्नरकडं बैलगाडा शर्यतीत बैलांपुढं पळवायला घोडी शोधणारे वेगळे, त्यांना आरडाओरड्यात न बिचकणारी आणि वेगाची हवी. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे फार्महाऊसवाला हौशी माणूस, नाहीतर एखादा रायडिंग क्लब. जाहिरात त्याच्याशी बोलली पाहिजे. खोड लपवली तर ती दारात उघडी पडतेच, आणि माणूस तोवर दीडशे किलोमीटर गाडी हाकून आलेला असतो. मग बाकीचं खरं असलं तरी तो मानत नाही.

उंची तुम्ही ६१ इंच सांगताय. टेप लावून मोजली असेल तर पुन्हा मोजा. खांद्याच्या फुगवट्यावरून टेप नेली की इंच-दोन इंच फुकटात वाढतात, आणि जुना घेणारा येताना काठी घेऊनच येतो. सपाट फरशीवर उभी करा, मान संपते तिथल्या उंचवट्यावर आडवी पट्टी धरा आणि सरळ काठीनं मोजा. वयाचंही तेच. साडेचार वर्षं म्हणजे कडेचे पक्के दात नुकते फुटत असणार. ओठ वर करून दातांचा एक स्वच्छ फोटो टाका, वयावरचा वाद तिथंच मिटतो.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचे तिन्ही फोटो तोंडाजवळून काढलेत. त्यात डोकं मोठं आणि मागचा भाग बारका दिसतो. घोडी आडवी उभी करा, मोबाईल तिच्या पोटाच्या उंचीला धरा, आठ-दहा पावलं मागं जा. चारही पाय सुटे दिसले पाहिजेत, खूर गवतात बुडायला नकोत. दोन्ही बाजू, समोरून, मागून. मारवाडी म्हणताय तर कान टवकारलेले, टोकाला टोक भिडलेलं असताना समोरून एक फोटो हवाच. त्यासाठी कुणीतरी फोटो काढणाऱ्याच्या बाजूला बादली वाजवावी. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवण्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण गिऱ्हाईकाचा असतो. कपाळ, मान आणि छातीवरचे भोवरे स्पष्ट दाखवा, नाहीतर तेवढ्यासाठी वीस मेसेज येतील. झूल, गोंडे, झालर काहीही घालू नका. सजवलेलं जनावर पाहिलं की जाणत्याला वाटतं, खाली काहीतरी झाकलंय.

व्हिडिओवर गाणं टाकलंत, ते काढा. कडक जमिनीवर दुडकीचा आवाज ऐकू यायला हवा. टक-टक, टक-टक असा सारखा ठेका पडला की घेणारा निश्चिंत होतो. पुढच्या पायात दुखणं असेल तर तो पाय टेकताना घोडी डोकं वर झटकते, ते दिसावं म्हणून लगाम ओढून धरू नका. सरळ दूर जाताना आणि सरळ जवळ येताना असे दोन तुकडे पुरेत. नाल ठोकताना ती मागचे पाय देते म्हणालात ना? तोही अर्ध्या मिनिटाचा तुकडा जोडा. रोज सांभाळणाऱ्याला त्याची किंमत कळते.

कागदांत ग्लँडर्सचा निगेटिव्ह रिपोर्ट ताजा हवा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर मारून टाकावं लागतं, त्यामुळं शहाणा माणूस रिपोर्टशिवाय घोडी आपल्या तबेल्यात घेणार नाही. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तसं लिहा, नंबर मात्र समोर आल्यावरच दाखवा.

मी लिहिली असती तर अशी :

"मारवाडी घोडी, साडेचार वर्षे, कुमैत (तांबूस-तपकिरी), पंचकल्याण (चारही पाय व तोंडावर पांढरे). उंची अमुक इंच, काठीने मोजलेली. रानात व रस्त्यावर बसायला शांत, नवशिक्याला सांभाळते. फटाके, ताशा, डॉल्बी चालत नाही. वरातीसाठी विचारू नये. नालाला त्रास नाही. घोड्याकडून भरवलेली नाही. ग्लँडर्स रिपोर्ट निगेटिव्ह, फोटो सोबत. मुलगा शिक्षणासाठी बाहेर गेल्याने बसणारे कोणी नाही, म्हणून विक्री. किंमत अमुक, घोडी बघून थोडे मागेपुढे. शिरूर तालुका. स्वतःचा डॉक्टर आणून तपासावी."

किंमत लिहायला लाजू नका. रुमालाखाली बोटं धरून भाव करणं बाजारात ठीक, तिथं दोघं समोरासमोर असतात. आणि ती डॉक्टरची ओळ काढू नका, सगळ्या "एक नंबर"पेक्षा ती जास्त बोलते.

फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जनावरांची विक्री नियमात बसत नाही, जाहिरात उडते. ओळखीच्या घोडेवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप, तुमचा नालबंद आणि जनावरांचा डॉक्टर, हे तिघं तुम्हाला जास्त उपयोगी. घाई नसेल तर डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा आहेच. पण तिथं ढोल-ताशे रात्रंदिवस चालतात, तुमची घोडी सगळ्यांसमोर बुजेल. या घोडीचा सौदा घरच्या दारातच करा.

एक राहिलं. न बघताच "घेतली" म्हणून इसार पाठवायला क्यूआर कोड पाठवणारा भेटेल. पैसे घ्यायला आपल्याला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, तिथंच फोन ठेवा. खरा इसार आला तर दोघांच्या सहीची पावती करा, त्यात घोडी कधी नेणार ती तारीख आणि तोवरचा चारा-खुराक कोणाकडं हेही लिहा. न्यायला गाडी येईल तेव्हा डॉक्टरचा प्रवासाचा दाखला लागेल, तो आदल्या दिवशीच काढून ठेवा.

नवे फोटो काढले की इथं टाका, कुठला पुढं लावायचा ते सांगतो.