गुलाबी बाटली काचेच्या कपाटात नको

झिनफँडेल द्राक्षाच्या फिक्या गुलाबी, फळांच्या वासाच्या ‘ब्लश’ वाईनबद्दल दर हंगामात तेच गैरसमज माझ्यापर्यंत येतात. त्यातल्या काही पत्रांची ही उत्तरे.

प्रश्न : हिला स्ट्रॉबेरीचा वास येतो. महाबळेश्वरचा रस घालतात का? (पुणे)

नाही, तो वास द्राक्षातून आणि रस आंबवणाऱ्या यीस्टच्या कामातून येतो. लेबलवर ‘फ्लेवर’ छापलेले असेल तर ती वेगळी वस्तू आहे; शंका आली तर वायनरीलाच विचारा.

प्रश्न : लाल आणि पांढरी वाईन मिसळली की ब्लश होते, असे दुकानदार म्हणाला. (ठाणे)

चुकीचे सांगितले. झिनफँडेलची साल काळी, पण गर रंगहीन असतो. रस सालींसोबत थोडेच तास ठेवला की गुलाबी उतरतो. युरोपियन युनियनमध्ये साधी रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, अशी मिसळून करायला परवानगीच नाही, शॅम्पेनसारख्या फसफसत्या वाईन अपवाद.

प्रश्न : हे द्राक्ष अमेरिकेचे ना? आमच्या दिंडोरीच्या रानात लावू का?

मूळ अमेरिकेचे नाही, क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचे. डीएनए तपासणीतून २००१ मध्ये ते सिद्ध झाले. इटलीत यालाच प्रिमितीवो म्हणतात. गोडसर ब्लश मात्र कॅलिफोर्नियाची. १९७५ मध्ये नापा खोऱ्यातल्या सटर होम वायनरीमध्ये एका टाकीतले आंबवणे मधेच थांबले, साखर उरली आणि तीच चव लोकांना आवडली. आपल्या नाशिकमध्ये सुला वायनरीने या द्राक्षाची रोझे काढली.

लागवडीचे म्हणाल तर घाई नको. या वाणाच्या एकाच घडात एक मणी सुकायला लागतो, तर शेजारचा हिरवाच असतो. शिवाय वाईनचे द्राक्ष खाण्याच्या बाजारात जात नाही. आधी वायनरीशी लेखी करार आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला, मग रोपे.

प्रश्न : सोबत जेवायला काय करावे? (रत्नागिरी)

तुमच्याकडची तळलेली कोळंबी. रेशाद मसाल्याचा बांगडाही छान जमतो. अल्कोहोलमुळे मिरची जास्त झोंबते, पण थोडी साखर आणि गारवा असला की ती सोसते. म्हणून ८ ते १२ अंशांवर थंड करून द्या. पुरणपोळीसोबत नको, वाईन आंबट लागते.

प्रश्न : लग्नात भेट आलेली बाटली चार वर्षे शोकेसमध्ये जपली आहे. जुनी वाईन चांगली म्हणतात. पंचविसाव्या वाढदिवसाला उघडू का? (नागपूर)

हे पत्र वाचून जीव हळहळला. ‘जुनी ती चांगली’ हे मोजक्या वाईनना लागू आहे, ब्लशला नाही. हिचे सगळे देखणेपण ताज्या फळाच्या वासात आहे आणि तो वर्ष-दोन वर्षांत विरतो. त्यात रंग दिसावा, गिऱ्हाइकाने हात घालावा, म्हणून ही पारदर्शक काचेत भरतात. तीच काच हिच्या मुळावर येते. उजेडाने वाईनमधल्या घटकांतून गंधकाची संयुगे तयार होतात आणि उकडलेल्या कोबीसारखा वास मारतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत काय होत असेल! एका समारंभात मी उन्हात उभ्या टेम्पोतून उतरवलेल्या पेट्या पाहिल्या आहेत. वर्षभराची मेहनत दोन तासांत शिजली होती. दुकानांतही तेच चालते. दर्शनी काचेतली, धूळ बसलेली बाटली ‘सवलतीत’ मिळते, तेव्हा आधी द्राक्षकाढणीचे वर्ष बघा. गुलाबीऐवजी विटकरी झाक दिसली तर घेऊ नका. घेतलेली खराब निघाली तर ओतून देण्याआधी बिलासह दुकानदाराकडे न्या, वायनरीलाही कळवा. तुमची बाटली वाढदिवसासाठी थांबवू नका. या रविवारी उघडा, आणि वास बिघडला असेल तर मन घट्ट करून ओता.

प्रश्न : मधुमेहाची गोळी चालू आहे. फळांचीच वाईन, तर एक ग्लास चालेल? (सोलापूर)

‘फळांची’ म्हणून ती औषध होत नाही. ब्लशमध्ये साखर उरलेली असू शकते, आणि काही गोळ्यांसोबत अल्कोहोल घेतले तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. गोळीचे नाव घेऊन डॉक्टरांना विचारा, तोवर नको.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. हलकी गुलाबी चालते, असे शेजारीण म्हणाली. (कोल्हापूर)

नाही, एक घोटही नाही. घेतली गेली असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.