लसीचा थेंब डोळ्यातच का घालतात?

प्रश्न : आमच्या परसात गावठी कोंबड्या आहेत. पिल्ले आठवड्याची असताना लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात घातला होता. तरीही यंदा श्रावणात काहींना घरघर लागली, चोच उघडून ती श्वास घेऊ लागली आणि काही मान मुरडून मेली. सगळे मानमोडी म्हणतात. ही लस इंजेक्शनने न देता डोळ्यात का घालतात, आणि ती घालूनही रोग कसा आला?
– एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, मानमोडीचा म्हणजे राणीखेतचा विषाणू पक्ष्याच्या डोळ्यांतून, नाकातून आणि चोचीतून शिरतो, म्हणून पहारा तिथेच बसवावा लागतो. कोंबडीला आपल्यासारख्या लसिकागाठी, म्हणजे प्रतिकारपेशी साठवणाऱ्या गाठी, नसतात. तिच्या प्रतिकारपेशी श्वासमार्गाच्या अस्तरात आणि डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीत वस्तीला असतात. डोळ्यात घातलेल्या लासोटा लसीतला राणीखेतचाच जिवंत पण सौम्य विषाणू तिथे वाढतो, ग्रंथीतल्या पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, तयार करतात आणि ती अश्रूंबरोबर नाकात व घशात उतरतात. इंजेक्शनने मुख्यतः रक्तातली प्रतिपिंडे वाढतात. त्यांनी पक्ष्याचा जीव वाचू शकतो, पण श्वासनलिकेच्या अस्तरावर विषाणू रुजणे तेवढे थांबत नाही. म्हणूनच थेंब टाकल्यावर पिल्लू लगेच सोडू नये. ते डोळे मिटून उघडते आणि थेंब आत शोषला जातो, तोवर हातात धरावे. थेंब पिसांवरून ओघळला, तर ते पिल्लू लसीवाचून राहिले असे समजावे.

आता लस देऊनही रोग का आला, याविषयी. अंड्याच्या बलकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात आणि ती पहिले दोन-तीन आठवडे टिकतात. हे संरक्षण मोलाचे असले, तरी तीच प्रतिपिंडे लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातील एकच मात्रा पुढे पुरत नाही. तुमच्या पत्रात दुसऱ्या मात्रेचा उल्लेख नाही आणि मला तेच मुख्य कारण वाटते. साधारण चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा द्यावी आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पशुवैद्यकाकडून राणीखेतचीच आर-टू-बी ही दुसरी लस टोचून घ्यावी. पिल्लांना आधी गंबोरो हा विषाणूजन्य रोग होऊन गेला असेल, तर गुदद्वाराजवळची बर्सा ही पिशवी, जिथे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी घडतात, तीच निकामी झालेली असते. मग चांगली लसही फारशी लागू पडत नाही. लसीची कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये न राहिल्यासही तसेच होते, आणि आपल्याकडे पावसात वीज किती वेळ जाते हे सांगायला नको.

कोकणातल्या पावसाळ्याचा आणखी एक त्रास आहे. खुराड्यातला तूस ओला राहिला, की विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि श्वासनलिकेतले सूक्ष्म केस, जे जंतू आणि धूळ बाहेर लोटतात, ते झडतात. उभ्याने वास घेऊन हे कळत नाही. उकिडवे बसून पिल्लाच्या उंचीवर नाक न्यावे. तिथे डोळे चुरचुरले, तर तूस त्याच दिवशी बदलावा आणि वारा खेळता ठेवावा.

मात्र घरघर म्हणजे दरवेळी राणीखेतच, असे नाही. संसर्गजन्य ब्राँकायटिस हा कोरोना कुळातल्या विषाणूचा आजार असाच दिसतो आणि त्यावर लासोटाचा उपयोग होत नाही. पक्षी अचानक मरू लागले, तर बर्ड फ्लूचीही शंका घ्यावी लागते. तेव्हा मेलेले पक्षी स्वतः उघडून पाहू नका किंवा वहाळात टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवून तपासणी करून घ्या.